आडवा ताव

हिंजवडी,
९ जून २०२४

ती. सीतारामकाका,

नमस्कार. पत्र बघून तुम्ही आधी पाकीट उलटसुलट कराल, कोण गेलं म्हणून. कोणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुमच्या संजयच्या फोनवरून बोलायचं तर तो तुमची वाक्यं गोड करून सांगतो. मागच्या वेळी माझ्या ते लक्षात आलं. म्हणून लिहिते आहे. हाताने लिहायची सवय गेली आहे, अक्षराला हसू नका.

काम असं आहे. मी ज्या कंपनीत आहे ती पिझ्झा घरपोच करते. मी तिथे खोक्यांचं डिझाइन बघते. आई सगळ्यांना "कॉम्प्युटरवर असते" एवढंच सांगते, म्हणून तुम्हाला माहीत नसेल. आमची अडचण खोक्याचीच आहे. पिझ्झा भट्टीतून निघतो तेव्हा त्याचा तळ कडक असतो. खोक्यात शिरला की स्वतःच्याच वाफेत भिजतो. झाकण मऊ पडतं, मधे खचतं आणि चीज झाकणाला चिकटतं. ते होऊ नये म्हणून मधोमध एक पांढरी प्लास्टिकची तिपाई ठेवतात, लहान मुली नंतर भातुकलीत घेतात ती. आता ती तिपाई काढून टाकायची आहे. आठ महिने आमची सात जणांची टीम यावर बसली आहे. सगळे माझ्याहून जास्त शिकलेले.

परवा मीटिंगमध्ये बसल्या बसल्या मला गुलटेकडीची आपली पत्र्याची शेड आठवली. बाबा आणि तुम्ही डाळिंबाच्या पेट्या वळायचात आणि मी आंब्याच्या पेटीत झोपायची. बाबा स्वतःचंच नाव घेऊन म्हणायचे, "रंगनाथला चित्र येतं, सीतारामला येत नाही. पण त्याच्या हातात कागद द्या, देऊळ उभं करेल." बाबा तर गेले. आता विचारायचं तर तुम्हालाच.

या आठवड्यात आमचा माणूस पाच पिझ्झे घेऊन येईल. पाचही खाऊ नका, शुगर आहे.

तुमची
पूर्णिमा


गुलटेकडी,
१९ जून २०२४

चि. पूर्णिमा,

आशीर्वाद. तुझं अक्षर बिघडलंय हे खरं. माझं पहिल्यापासून बिघडलेलं आहे, त्यामुळे आपलं जमेल.

पिझ्झे आले. भाकरीवर कालवण सांडलं तर आमच्याकडे ताट बदलतात, तुमच्याकडे बिल देतात. पण मला खाण्यात रस नव्हता, खोक्यात होता. पहिला पिझ्झा तर मी उघडलाच नाही, झाकणावर हात ठेवून बसलो. दहा मिनिटांत पुठ्ठा घामेजला, विसाव्या मिनिटाला त्यात बोट रुतलं. दुसरं खोकं शेजारच्या लसूणवाल्याच्या काट्यावर आधी कोरडं तोललं आणि अर्ध्या तासाने पिझ्झा काढून परत तोललं. दोन चमचे पाणी प्यायलं होतं. लसूणवाला म्हणाला, "सीताराम, तुला वेड लागलं." मी म्हटलं, लागू दे, चाळीस वर्षांत पहिल्यांदा लागलंय.

तुमचे सात जण भोकं पाडत बसले असतील. नुसत्या भोकाने वाफ जात नाही, तिला मागून कोणीतरी ढकलावं लागतं. डाळिंबाच्या पेटीला भोकं समोरासमोर नसतात. एक खाली असतं, पलीकडचं वर. खालून गार हवा शिरते, वरून गरम निघते. आता दुसरं. पिझ्झा गोल आणि खोकं चौकोनी, का? तर ताव चौकोनी असतो. ताव म्हणजे पुठ्ठ्याचा अख्खा कागद, ज्यातून खोकी कापतात. तू विसरली असशील. गोल वस्तू चौकोनात ठेवली की चार कोपरे फुकट मिळतात, आणि फुकट मिळालेल्याकडे कोणी बघत नाही. मी वाफ त्या कोपऱ्यांतून काढली. झाकण खचू नये म्हणून त्याच पुठ्ठ्याची मधोमध दुहेरी घडी घालून आढं काढलं, छपराला असतं तसं. तिपाई नको, गोंद नको, पिन नको.

चित्र मला अजूनही येत नाही. म्हणून हे पत्र मी पातळ पुठ्ठ्यावर लिहून घडीतच वळून पाठवतो आहे. आधी घड्या बघ, मग मजकूर वाच.

एक मागणं आहे. पेटीच्या तळाला, आत दुमडणाऱ्या पाकळीवर, बनवणाऱ्याचं नाव छापायची आमच्या धंद्यात रीत आहे. पेटी फुटली तर शिव्या कोणाला द्यायच्या ते कळावं म्हणून. माझ्या हातून निघालेल्या प्रत्येक पेटीवर आजवर मालकाचं नाव पडलं. या खोक्यावर माझं पाड. दुसरं मला काही नको, आणि हे दिल्याशिवाय मी ऐकणार नाही. ऐकू तर तसंही येत नाही.

काका


हिंजवडी,
३ जुलै २०२४

ती. काका,

तुम्ही जादूगार आहात. तुमचं पत्र मी टेबलावर उघडलं आणि आमचे सात जण खुर्च्या सोडून भोवती जमले. आमोद म्हणून आमचे साहेब आहेत, कधी कोणाला चांगलं म्हणत नाहीत. त्यांनी ते तीनदा उघडून तीनदा मिटलं आणि म्हणाले, "हे कोणी केलं?" मी म्हटलं, आमच्याकडे पारंपरिक आहे.

आम्ही साध्या पुठ्ठ्यात दहा खोकी करून बघितली. अर्ध्या तासाने पिझ्झा काढला तेव्हा तळ वाजत होता. खरंच वाजत होता, मी नखाने ठोकून बघितला.

नावाचं माझ्याकडे लागलं. एकवीस ऑगस्टला मोठ्या लोकांपुढे हे मांडायचं आहे. तुम्ही या. घडी तुमच्या हातूनच दाखवू. गेटवर तुमच्या नावाचा पास ठेवते.

पूर्णिमा


गुलटेकडी,
१४ जुलै २०२४

चि. पूर्णिमा,

येतो. संजय म्हणतो, अण्णा, नवा शर्ट घ्या. त्याला कौतुक फार. तो भोसरीला खोक्यांच्या कारखान्यात कापायच्या मशीनवर आहे, तिथेच खोली घेऊन राहतो, रविवारी जेवायला येतो. मागच्या रविवारी त्याला घडी दाखवली. अर्धा तास खेळत बसला आणि म्हणाला, "अण्णा, मशीनवर बारा वर्षं काढली, मला हे सुचलं नसतं." पोराच्या तोंडून हे ऐकायला मला सदुसष्ट वर्षं लागली. ऐकायला म्हणजे ओठांवरून वाचायला.

पारंपरिक हा शब्द मला समजला नाही. माझ्या बापाने पिझ्झा बघितला नव्हता.

काका


गुलटेकडी,
२४ ऑगस्ट २०२४

पूर्णिमा,

एकवीस तारखेला मी आलो होतो, हे तुला कळवावं म्हणून लिहितो. तुला माहीत असेलच, कारण तू मला बघितलंस.

पास होता. गेटवरचा म्हणाला, डिलिव्हरी मागच्या दाराने. मी पास दाखवला तेव्हा त्याने मला काचेच्या खोलीबाहेर सोफ्यावर बसवलं. अकरा वाजता बसलो, साडेतीनला उठलो. काचेतून सगळं दिसत होतं. तुझ्या हातात माझं पत्र होतं. तू ते उघडलंस, मिटलंस, लोक हसले, मग टाळ्या वाजवल्या. टाळ्या मला ऐकू येत नाहीत, पण दिसतात. मग दार उघडून तुम्ही सगळे बाहेर आलात. तू माझ्याकडे बघून पाच बोटं दाखवलीस. पाच मिनिटं असं मी समजलो. तुम्ही जेवायला गेलात. पिझ्झा असणार, वास आला.

चहा मला त्याच गेटवरच्या माणसाने पाजला. पीएमटीने घरी यायला अडीच तास लागले. शर्ट चांगला आहे, सणाला होईल.

सीताराम


हिंजवडी,
५ सप्टेंबर २०२४

ती. काका,

तुम्ही चिडलात ते समजलं. पण माझी बाजूही बघा. आयत्या वेळी मुंबईहून दोन जण जास्त आले, सगळं इंग्रजीत झालं. तुम्हाला आत बोलावून मी काय केलं असतं? त्यांनी प्रश्न विचारले असते, तुम्हाला ऐकू आले नसते, मी कानाशी ओरडून सांगितलं असतं आणि सगळ्यांनी आपल्याकडे दयेने बघितलं असतं. तुमची शोभा होऊ नये म्हणूनच मी तुम्हाला बाहेर ठेवलं. खरं सांगायचं तर माझीही.

नावाचं काम चालू आहे. ते कायदेवाल्यांकडून जावं लागतं, वेळ लागतो. उगाच मनाला लावून घेऊ नका. घडी तुमची आहे हे मला माहीत आहे, तेवढं पुरे नाही का?

पूर्णिमा


गुलटेकडी,
१० नोव्हेंबर २०२४

चि. पूर्णिमा,

अनेक आशीर्वाद. दोन महिने लिहिलं नाही, तब्येत बरी नव्हती. आता बरी आहे.

दिवाळीच्या पेपरात तुझा फोटो बघितला. साडी छान दिसते. खाली लिहिलंय की मार्केट यार्डात टाकून दिलेल्या एका डाळिंबाच्या पेटीवरून तुला कल्पना सुचली. मी दोनदा वाचलं. टाकून दिलेली पेटी म्हणजे मीच, असं मी समजतो. रागाने म्हणत नाही. म्हातारा माणूस, कुठेतरी उल्लेख झाला हेही खूप.

तर बसल्या बसल्या मला आणखी एक सुचलंय. तुमच्या मोठ्या लोकांना आवडेल. सध्या तुम्ही एका तावातून दोन खोकी काढता. ताव आडवा लावलात तर तीन निघतात. घडी तीच, भोकं तीच, फक्त ताव फिरवायचा. माझ्या साहेबाला असं काही सांगितलं असतं तर त्याने मला कडेवर घेतलं असतं. तुझाही साहेब घेईल. सोबत नमुना वळून ठेवला आहे.

तुझाच
काका


हिंजवडी,
२२ नोव्हेंबर २०२४

ती. काका,

तुमचं पत्र आलं आणि मला रडू आलं. मला वाटलं होतं तुम्ही माझं तोंड बघणार नाही. ती पेपरातली ओळ माझी नाही, आमच्या जाहिरातवाल्यांची आहे. मी भांडायला हवं होतं. नाही भांडले. त्याच महिन्यात माझं प्रमोशन होतं, हेही सांगून टाकते.

तीन खोक्यांचं ऐकून आमोदसाहेब खुर्चीवरून उठले. पण एक शंका आहे, हसू नका. पुठ्ठ्याच्या पोटात नागमोडी कागदाच्या नळ्या असतात. आढ्याच्या लांबीने नळ्या गेल्या तर आढं ताठ राहतं, असं आम्हाला कॉलेजात शिकवलंय. ताव आडवा लावला की नळ्या आढ्याला आडव्या जाणार. मग वाफ लागल्यावर ते वाकणार नाही का? आम्ही एक खोकं करून वीस मिनिटं ठेवून बघितलं, ठीक होतं. तरी तुम्ही सांगा. तुम्ही हो म्हणालात की मी सही करते.

आणि काका, एक गोष्ट मी तुम्हाला मुद्दाम सांगत नाही आहे. चांगली आहे. वेळ आली की कळेल.

पूर्णिमा


गुलटेकडी,
२९ नोव्हेंबर २०२४

चि. पूर्णिमा,

कॉलेजात शिकवलं ते एकेरी पुठ्ठ्याला लागू. आपलं आढं दुहेरी घडीचं आहे, एक पदर दुसऱ्याला धरतो. नळ्या उभ्या असोत की आडव्या, फरक पडत नाही. पेरूच्या पेटीला तुझा बाप आडवाच ताव लावायचा. मी त्याला हेच विचारलं होतं, तर रंगनाथ म्हणाला, "घडीवर विश्वास ठेव, पुस्तकावर नको." बापाचा शब्द तुला पुरे असेल. बिनधास्त सही कर.

तुझी चांगली गोष्ट काय असेल ती असो. मला आता कशाची घाई नाही. संजय तीन रविवार आला नाही, परवा उभ्या उभ्या भेटून गेला, ओव्हरटाइम आहे म्हणतो. कसल्यातरी मोठ्या ऑर्डरची तयारी चालू आहे म्हणे. पोरगा गालात हसत होता. लग्नबिग्न ठरवलं की काय, कोण जाणे.

काका


हिंजवडी,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

बाबांचं ते वाक्य मी माझ्या टेबलासमोर लिहून लावलं आहे. घडीवर विश्वास ठेव. ते असं काही बोलले होते हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांचं नवीन काही ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं, तुम्ही दिलंत.

आता ती गोष्ट. सोबतचं खोकं उलटं करा आणि आतली पाकळी बघा. "सीताराम घडी, गुलटेकडी, पुणे." चार महिने कायदेवाल्यांशी भांडले. ऑगस्टमध्ये तुम्हाला सोफ्यावर बसवलं त्याची भरपाई होत नाही, पण एवढं करता आलं.

दुसरी गोष्ट त्याहून चांगली. हे खोकं संजयच्या मशीनवर निघालं आहे. भोसरीच्या त्याच कारखान्याला मी ऑर्डर मिळवून दिली, अट एकच, मशीनवर संजय हवा. त्याला म्हटलं, अण्णांना काही सांगायचं नाही, छापून आलं की दाखवू. तो लहान मुलासारखा गप्प राहिला. पहिल्या दिवशी मात्र म्हणाला, "ताई, ताव आडवा लागलाय, नळ्या चुकीच्या जातात." मी त्याला तुमचं पत्र दाखवलं. वाचून म्हणाला, "अण्णांनी लिहिलंय ना? मग त्यात काहीतरी असेल, मला कळत नाही म्हणून काय झालं." आणि मशीन चालू केलं.

परवा चौदा तारीख. वर्षात सगळ्यात जास्त पिझ्झे त्या दिवशी जातात, का ते संजयला विचारा. त्या दिवशी तुमचं नाव पुण्यातल्या वीस हजार घरांत जाणार आहे.

पूर्णिमा


गुलटेकडी,
१५ फेब्रुवारी २०२५, सकाळ

पूर्णिमा,

खोकं आता मिळालं. छपाई थांबव. जिथे असेल तिथे थांबव. ताव उभा लावायचा आहे. कारण मागाहून सांगतो. लसूणवाल्याला तुझ्या नंबरवर फोन लावायला सांगितला, तू उचलत नाहीस. हे पत्र त्याच्याच माणसाबरोबर पाठवतो. मी भोसरीला निघतो आहे.

सीताराम


हिंजवडी,
३ मार्च २०२५

ती. काका,

तुमचं पत्र मिळालं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

आम्ही एकेक खोकं तपासलं होतं. गाडीवरच्या पिशवीत पाच-पाच एकावर एक जातात आणि अर्धा-पाऊण तास बंद असतात. आढी वाकली, झाकणं बसली. लोकांनी खोकी उघडली तेव्हा सगळं चीज वर लटकलेलं आणि खाली नुसती ओली भाकरी. फोटो सगळीकडे फिरले. कोणीतरी खोकं उलटं केलं आणि तळाचं नाव सापडलं. मग त्या नावाचे विनोद. "सीताराम घडी, एक घडी टिकली तर टिकली." तुमच्याकडे साधा फोन आहे हे बरं झालं.

चौकशी बसली. आधी मला बोलावलं. सही माझी होती, काका. मी म्हटलं की ताव कसा लावायचा हे कारखाना ठरवतो. असं कागदावर नव्हतं, पण मी म्हटलं. मग संजयला बोलावलं. त्याने ओलं झाकण हातात घेतलं, आढ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "घडी बरोबर आहे. ताव मी आडवा लावला, माझ्या डोक्याने. कोणी सांगितलं नव्हतं. अण्णांच्या नावाला यात ओढू नका." लिहून दिलं आणि सही केली. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. माझ्या पर्समध्ये तुमचं पत्र होतं. मी ते काढलं नाही.

त्याला त्याच दिवशी काढलं. कारखान्यांची माणसं एकमेकांना फोन करतात, त्यामुळे भोसरी-चाकणमध्ये मशीनवर तरी त्याला आता कोणी घेणार नाही. माझं काही झालं नाही. येत्या आठवड्यात मी बंगळूरला नव्या नोकरीवर जाते आहे, हे पत्र सामान आवरता आवरता लिहिलं.

एकच विचारायचं आहे. तुमची चूक झाली, की वयामुळे विसरलात? आढ्याचं तुम्हाला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

पूर्णिमा


गुलटेकडी,
१० मार्च २०२५

पूर्णिमा,

चूक झाली नाही आणि मी विसरलोही नाही. ताव आडवा लावला की आढं वाफेत वाकतं, हे मला वयाच्या सोळाव्या वर्षापासून माहीत आहे. मी ते मुद्दाम लिहिलं. तू मोठ्या लोकांपुढे उभी असताना तुझं झाकण खचावं, तुझ्यावर लोकांनी हसावं आणि तुला साडेचार तास सोफ्यावर बसल्यासारखं वाटावं, एवढंच मला हवं होतं. दोन महिने मी त्याच्याशिवाय दुसरा विचार केला नाही. ते पत्र लिहिताना मला आनंद झाला होता, तोही सांगतो.

रंगनाथ तसं कधी बोलला नव्हता. पेरूची पेटी आम्ही कधी आडव्या तावाची केली नाही. तुझा बाप आडवा ताव बघून शिव्या द्यायचा. ते टेबलावरचं काढून टाक.

पंधरा तारखेला मी भोसरीला गेलो. गेटवर उभा राहिलो. संजय दुपारी बाहेर आला, हातात डबा होता. मला बघून त्याने पाण्याची बाटली दिली आणि रिक्षा थांबवली. मला आत बसवलं, रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. मग माझ्याकडे वाकून काहीतरी बोलला. ऊन डोळ्यांवर होतं, ओठ दिसले नाहीत. मी उगाच मान डोलावली. त्यानंतर तो आलेला नाही.

आता एक कर. माझी दोन्ही पत्रं तुझ्याकडे आहेत, दहा नोव्हेंबरचं आणि एकोणतीसचं. ती आणि हे, अशी तिन्ही कारखान्याच्या मालकाला दाखव. म्हण, या म्हाताऱ्याने केलं. माझ्या नावाचं जे व्हायचं ते होऊ दे, ते नाव मीच मागून घेतलं होतं. पोराला परत मशीनवर घ्यायला सांग. तुझ्या पाया पडतो, असं मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही.

सीताराम


बंगळूर,
२६ मार्च २०२५

सीतारामकाका,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. माझं काही चुकलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण बाबांच्या तोंडी खोटं घालायला नको होतंत. मला शिव्या दिल्या असत्यात तर चाललं असतं.

पत्रं मी कारखान्यात दाखवणार नाही. दाखवली तर पहिला प्रश्न मला येईल, की ही माझ्याकडे असताना मी चौकशीत गप्प का बसले. नवी नोकरी आहे, मला ते परवडणार नाही. तुम्ही मला भित्री म्हणाल. म्हणा.

पण संजयपासून लपवणं मला जमलं नाही. परवा पुण्यात खोली सोडायला आले होते, तेव्हा त्याला भेटले. तो आता चाकणला एका गोदामात माल चढवतो. तिन्ही पत्रं त्याच्या हातात दिली. त्याने तिथेच उभ्या उभ्या वाचली. मी म्हटलं, तू म्हणत असशील तर दाखवते, माझं होईल ते होईल. खरंच म्हणाले, काका, त्या क्षणी मी तयार होते.

तो म्हणाला, "नको ताई. नोकरी काय, दुसरी मिळेल. अण्णांनी हे मुद्दाम केलं असं लोकांना कळलं, तर मी दुसरा बाप कुठून आणू?"

मग त्याने तिन्ही पत्रं फाडली. बारीक केली आणि गोदामाच्या कचऱ्यात टाकली. मी विचारलं, त्या दिवशी रिक्षापाशी तू अण्णांना काय म्हणालास? म्हणाला, "विचारलं होतं, अण्णा, तुम्ही मुद्दाम केलंत का? त्यांनी मान डोलावली."

तुम्हाला काही निरोप द्यायचा का, असंही मी विचारलं. रविवारी येणार नाही म्हणाला. जेवण ठेवू नका.

पूर्णिमा